जुवाला लागलेला पाय

माण गावात ज्याच्याकडं भाड्यानं द्यायला खोल्या आहेत, असा माणूस सकाळी उठून काय करतो, तर पाण्याची मोटर लावतो आणि खाटेवर येऊन बसतो. कुशाबाही तेच करायचा. त्याच्या शेताचा मोठा तुकडा आयटी पार्कात गेला होता. उरलेल्यावर त्याच्या मुलानं, शेखरनं, खोल्या काढल्या होत्या. खोल्यांच्या मागं, बिल्डरनं ठोकलेल्या पत्र्याच्या कुंपणाला लागून, भाताचं एकच खाचर शिल्लक होतं. त्यात आता भात लावत नव्हते. तिथं कुशाबाची नात वैष्णवी पळायची.

नुसतं पळणं असतं तर कुशाबानं तिकडं ढुंकूनही पाहिलं नसतं. पण ही पोर अडथळ्यांची शर्यत पळायची. पळत यायचं, वाटेत आडव्या लावलेल्या दांड्यावरून जायचं, पुन्हा पळायचं, पुन्हा दांडा. त्या दांड्यांच्या घोड्यांना तिच्या कॉलेजात हर्डल म्हणत. कॉलेजात हर्डल मोजकेच आणि पळणाऱ्या पोरी जास्त, म्हणून खेळाच्या बाईंनी सांगितलं होतं की घरी काहीतरी उभं करा आणि सराव करा. वैष्णवीनं ते आजोबांना सांगितलं. नात आपल्याकडं काहीतरी मागते आहे, यानंच कुशाबा हुरळून गेला. एरवी ती सगळं बापाकडं मागायची.

त्यानं माळ्यावरची औतं खाली काढली. बैल विकून बरीच वर्षं झाली होती, पण औतं विकायचं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. दर दसऱ्याला तो ती पुसायचा, हळदकुंकू लावायचा आणि पुन्हा माळ्यावर चढवायचा. आता त्यानं बिल्डरनं टाकून दिलेले सिमेंटचे ठोकळे आणून रचले आणि त्यांवर लाकडं आडवी ठेवली. एकावर नांगराचं जू, एकावर गाडीचं जू, एकावर कुळवाची दांडी. उंची किती, ते वैष्णवीनं अंगावर हात ठेवून दाखवलं, मांडीच्या वर आणि कमरेच्या खाली. खाचराची जमीन तर आधीच सपाट. पाणी सगळीकडं सारखं उभं राहावं म्हणून त्यानंच ती जन्मभर सपाट केली होती.

पहिल्याच दिवशी वैष्णवीचा मागचा गुडघा नांगराच्या जुवाला लागला. जू धाडकन खाली पडलं आणि ती बाजूला कोलमडली. कुशाबा खाटेवरून उठला. पोरीला लागलं का, हे त्यानं नंतर विचारलं.

"जुवाला पाय लावतीस? पाया पड आधी."

वैष्णवीनं जुवाला हात लावला आणि तो हात छातीशी नेला. पुस्तकाला पाय लागला, केरसुणीला लागला, माणसाला लागला की ती असंच करायची. घरात सगळेच करायचे, त्यात नवं काही नव्हतं. पण गुडघ्यापेक्षा आजोबांचं बोलणंच तिला जास्त लागलं. त्यानंतर आठवडाभर कधी बोट घासलं, कधी टाच घासली, की ती थांबायची, मागं यायची आणि पाया पडायची. मग हळूहळू पाय लागायचाच बंद झाला. ती जुवावरून अशी काही वर जाऊ लागली की खालून मांजर उभं गेलं असतं.

कुशाबाची छाती फुगली. चौकातल्या टपरीवर चहा पिताना तो ज्याला त्याला सांगायचा, "एक वीत वरनं जाती. वाऱ्याला बी लागत न्हाई." खोल्यांमधली भाडेकरू पोरं मोबाईलवर तिचे व्हिडिओ काढायची आणि 'अजी, क्या जंप है' म्हणायची. आपल्याला आजी का म्हणतात हे कुशाबाला काही दिवस कळलं नाही. मग कुणीतरी सांगितलं की ते 'अजी' आहे, हिंदीतला मान. मान आहे तर असू दे, म्हणून त्यानं तो ठेवून घेतला.

तालुक्याची स्पर्धा पौडजवळच्या एका मैदानावर होती. कुशाबा धुतलेली टोपी घालून गेला. बंदूक वाजली आणि पोरी सुटल्या. पहिल्या हर्डलपर्यंत वैष्णवी सगळ्यांच्या पुढं होती. तिथून ती वर गेली, सुंदर, हरणासारखी. ती हवेत असताना शेजारच्या दोन पोरी खालून सरकल्यासारख्या पुढं निघून गेल्या. पुढच्या हर्डलवर तेच झालं. एका पोरीनं तर हर्डल धडाधड पाडत नेले. कुशाबाला हसू आलं. ही तर गेलीच बाद, असं त्यानं मनात धरलं.

ती पहिली आली. वैष्णवी तिसरी.

कुशाबा तडक टेबलापाशी गेला. "पाडल्यात की तिनं. सगळ्या गावानं बघितलंय. भाईर काढा तिला."

टेबलावरचा माणूस कामात होता. तेवढ्यात खेळाच्या बाई आल्या. गौतमीबाई मूळच्या पौडच्या, पंचविशीपर्यंत स्वतः हर्डल पळालेल्या, बोलायला मऊ, पण म्हणण्याला ठाम. त्यांनी कुशाबाला बाजूला घेतलं.

"आबा, हर्डल पडला तर चालतो. हातानं मुद्दाम ढकलायचा नाही, पाय हर्डलच्या बाहेरून न्यायचा नाही. पळताना पायानं पडला तर पडला."

"मग ठेवता कशाला ते?"

"पळण्यात अडचण यावी म्हणून ठेवतात. उंच उडी कोण मारतंय, ते बघायला नाही."

कुशाबाचं तोंड एवढंसं झालं. चौकात इतके दिवस तो ज्याचं कौतुक सांगत होता, तो नातीचा दोष निघाला होता.

तिसरी आली म्हणून वैष्णवीला जिल्ह्याला जायला मिळालं. जिल्ह्यातून मात्र पहिल्या दोघीच पुढं विभागाला जाणार होत्या. त्या रात्री जेवताना शेखरनं आपला हिशोब मांडला. तो एका कंपनीची बस चालवायचा, दिवसभर वाहतुकीत अडकलेला असायचा आणि घरी आला की थोडक्यात बोलायचा.

"विभागाला गेलीस तर पळ. न्हाई गेलीस तर यंदा बास. पुढल्या वर्षी बारावी हाय, क्लास लावायचा."

वैष्णवीनं मान हलवली. ती रडली वगैरे नाही. पण ताटातली अर्धी भाकरी तिनं तशीच ठेवली, आणि ही पोर ताटात कधी काही ठेवत नसे. कुशाबानं ते पाहिलं.

दोन दिवसांनी गौतमीबाई स्कूटरवरून घरी आल्या. सराव कसा चालतो ते त्यांना बघायचं होतं. त्या खाचराच्या कडेला उभ्या राहिल्या, वैष्णवीच्या दोन फेऱ्या बघितल्या, मग चालत जुवापाशी गेल्या. जुवावर गेल्या दसऱ्याचं कुंकू अजून दिसत होतं. त्यांनी ते बघितलं, मग वैष्णवीकडं बघितलं, मग कुशाबाकडं. त्यांना काय समजायचं ते समजलं.

त्यांनी तिथंच समजावून सांगितलं, अर्धं नातीला आणि अर्धं आजोबांना. माणसाला वेग जमिनीतून मिळतो. पाय जमिनीला टेकतो, जमीन मागं ढकलतो, तेव्हा माणूस पुढं जातो. हवेत ढकलायला काही नसतं, म्हणून हवेत जितका कमी वेळ तितकं बरं. पुढचा गुडघा वर घ्यायचा, छाती मांडीवर झुकवायची, समोरचा हात पुढं टाकायचा, आणि मागचा पाय बाजूनं काखेखालून आणायचा. टेकलं की लगेच पळायचं. दोन हर्डलच्या मधे तीन पावलं, तीच तीन, कमी नाहीत आणि जास्त नाहीत. वर उडालं की टेकताना अंग मागं राहतं, वेग मरतो, मग तीन पावलांत पुढचा हर्डल गाठता येत नाही.

"हर्डल पाडावा असं माझं म्हणणं नाही," बाई म्हणाल्या. "लागला तर थोडा वेग जातोच. पण लागेल या भीतीनं जो वेग जातो, तो कितीतरी जास्त. त्याला घासून जायला शिकलं पाहिजे. आणि आबा, हे लाकूड काढा. एक तर जड आहे, पोरीचा पाय मोडेल. दुसरं तुम्हाला माहीत आहे."

कुशाबानं मुकाट्यानं लाकडं उतरवली. नळकामाचे उरलेले प्लॅस्टिकचे पाइप आणून ठोकळ्यांवर ठेवले. पाइपाला ना हळद ना कुंकू. फुंकर मारली तरी पडेल असा. आता प्रश्न मिटला, असं त्याला वाटलं.

प्रश्न काही मिटला नाही. वैष्णवी पाइपावरूनही तेवढीच वर जाऊ लागली. बाईंच्या सांगण्यावरून तिनं जोर करून खाली राहायचा प्रयत्न केला, की पाय पाइपाला लागायचा, पाइप उडायचा, आणि पळता पळता तिचा उजवा हात आपोआप छातीशी जायचा. हात छातीशी गेला की अंग वाकडं व्हायचं, तीन पावलांची चार व्हायची, आणि पुढच्या पाइपापुढं ती घोड्यासारखी अडायची. असं एकदा झालं, दोनदा झालं. चौथ्यांदा झालं तेव्हा ती खाचरात मधोमध बसली आणि गवत उपटायला लागली.

"अगं पाइप हाय त्यो," कुशाबा म्हणाला. "नळाचा. त्याला कसला नमस्कार?"

"मला म्हाईतंय, आबा. पायाला न्हाई म्हाईत."

कुशाबाच्या हातालाही माहीत नव्हतं. मघाशी पाइप पडला तेव्हा खाटेवर बसल्या बसल्या त्याचा स्वतःचा हात उठला होता. स्पर्धा आठवड्यावर आली होती. आपण एका वाक्यात जे पोरीच्या अंगात घातलं, ते काढायचं कसं, हे त्याला कळेना. तो स्वतःवर चिडला. चिडून काही होत नाही म्हणून आणखी चिडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना, तो खाली काढलेली औतं पुन्हा माळ्यावर चढवायला गेला. माळ्याच्या कोपऱ्यात फळी उभी होती. चिखलणी झाली की खाचरातला चिखल सपाट करायला बैलांच्या मागं जी लांब फळी जुंपतात, ती. तिच्यावर वजन हवं म्हणून माणूस स्वतःच उभा राहतो. कुशाबानं ती सरकवायला हात घातला आणि हात फळीच्या मधोमध आला. तिथं दोन खळगे होते, गुळगुळीत, शेजारी शेजारी. त्यानं हात तिथंच ठेवला.

ते त्याचेच पाय होते. हरण्या आणि पाखऱ्या या बैलांच्या मागं, हातात कासरा धरून, किती पावसाळे तो या फळीवर दोन्ही पाय देऊन उभा राहिला होता, ते त्याचं त्यालाच आठवेना. चिखल अंगावर उडायचा. फळी उचलली जाऊ नये म्हणून तो टाचा घट्ट रोवायचा. एकदाही मनात आलं नव्हतं की आपण औताला पाय लावतोय. संध्याकाळी बैल सोडले की फळी धुवायची, तिला हात लावायचा, तो हात कपाळाला न्यायचा. मग घरी जायचं. रोज असंच.

नातीला मात्र त्यानं फक्त संध्याकाळचं शिकवलं होतं. दिवसभराचं सांगायचंच राहून गेलं होतं, कारण तिच्या जन्माच्या आधीच त्या फळीचा दिवस संपला होता. कुशाबानं फळी खाली उतरवायला घेतली. त्याला बैलांची आठवण आली, आणि ती त्यानं येऊ दिली.

वैष्णवी कॉलेजातून आली तेव्हा खाचरात पाइप नव्हता. पहिल्या ठोकळ्यांवर नांगराचं जू होतं आणि शेजारी गवतावर ती फळी. कुशाबा जुवासमोर अनवाणी उभा होता.

"हितं ये. नीट बघ," तो म्हणाला.

त्यानं पाय उचलला आणि जुवाला लाथ घातली. म्हाताऱ्याची लाथ ती, पहिल्यांदा जू नुसतं हललं. त्यानं दुसरी घातली. जू पलीकडं पडलं. अंगठा चांगलाच ठेचला. वैष्णवीनं तोंडावर हात घेतला. कुशाबाचा उजवा हात छातीकडं निघाला होता, तो त्यानं डाव्या हातानं पाठीमागं धरून ठेवला.

"आबा, काय करताय?"

"काम करतोय. आता ही फळी बघ. ह्यो खड्डा दिसतो? माझ्या पायाचा हाय. जलमभर हिच्यावर उभा ऱ्हायलो मी, दोनी पाय देऊन. काम चालू असताना कुनी पाया पडत न्हाई. पाया पडत बसलो असतो तर भात कवा लावला असता? काम सुटलं की मग पडायचं. मी तुला अर्धंच सांगितलं व्हतं. चूक माझी हाय."

वैष्णवी फळीकडं बघत राहिली. मग तिनं बूट काढले आणि दोन्ही पाय त्या दोन खळग्यांत ठेवून उभी राहिली. तिचे पाय लहान होते, खळगे मोठे. कुशाबा अंगठा चोळत होता.

"शर्यत सुटली की काम सुरू," तो म्हणाला. "पळून झालं की मग मागं येऊन पाया पड, काय हरकत न्हाई."

"आन लागला तर?"

"लागू दे. पडू दे. तू फुडं बघ."

पाइप पुन्हा ठोकळ्यांवर चढले. त्या संध्याकाळी तिनं ते इतके पाडले की भाडेकरू पोरं गॅलरीत येऊन उभी राहिली. क्या जंप है असं या वेळी कुणी म्हणालं नाही. एकानं तर 'अजी, आज क्या हो गया' असं काळजीनं विचारलं. प्रत्येक पाइप कुशाबा स्वतः उचलून जागेवर ठेवत होता. अंधार पडता पडता दोन फेऱ्या अशा झाल्या की पाइप जागेवर थरथरले, पण पडले नाहीत, आणि तिचे दोन्ही हात जिथं असायला हवेत तिथंच होते.

जिल्ह्याची स्पर्धा बालेवाडीला होती. शेखरला सुटी मिळाली नाही. गौतमीबाई खाली पोरींबरोबर होत्या. कुशाबा पायऱ्यांवर एका बाईशेजारी बसला होता. ती भूगावहून आपल्या मुलीची लांब उडी बघायला आली होती आणि पिशवीतून एकसारखी पाण्याची बाटली काढत होती.

बंदूक वाजली. वैष्णवी पहिल्या हर्डलवरून गेली आणि कुशाबाला ती गेल्याचं कळलंच नाही. डोकं वर आलं नाही, खाली गेलं नाही. सरळ रेषेत पुढं सरकलं. शेजारच्या पट्ट्यातली पोर तिच्या बरोबरीनं होती. तिसऱ्या हर्डलला काहीतरी खट वाजलं. हर्डल डुलला आणि उभा राहिला. वैष्णवीचे हात पळत होते. पुढं एक हर्डल सरळ उताणा पडला, मोठा आवाज झाला. तिचं एक पाऊल चुकल्यासारखं वाटलं, पण तिनं ते सावरलं. पावलं तीनच पडली, आणि ती पुढच्या हर्डलवर वेळेत पोहोचली. शेवटून दुसराही लागला.

"काका, छातीत दुखतंय का?" शेजारच्या बाईनं विचारलं आणि बाटली पुढं केली.

कुशाबानं खाली बघितलं. त्याचा उजवा हात छातीवर होता. पहिला हर्डल लागला तेव्हा गेला असणार, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक वेळी खाली आला आणि पुन्हा गेला.

"न्हाई," तो म्हणाला. "पाय लागला."

बाईनं त्याच्या पायांकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि बाटली पिशवीत ठेवली.

वैष्णवी दुसरी आली. अगदी थोडक्यात, पण दुसरी. फलकावर नाव आलं आणि गौतमीबाईंनी खालून दोन बोटं वर करून दाखवली, तेव्हा कुशाबाचा विश्वास बसला. त्याला इतका आनंद झाला की उठून उभं राहावं की बसावं हेच ठरेना. तो अर्धवट उभा राहिला.

खाली वैष्णवी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. पहिल्या आलेल्या पोरीला तिनं मिठी मारली. बाईंनी पाठीवर थाप मारली. कुशाबा वाट बघत होता. तिच्या मागं तिच्या पट्ट्यात तो एक हर्डल अजून आडवा पडलेला होता. पळून झालं की मागं ये, असं त्यानं सांगितलं होतं. ती मागं वळली नाही. मैदानावरची पोरं आली, पडलेला हर्डल उचलून घेऊन गेली. ती त्या दुसऱ्या पोरीशी हसत बोलत होती. विसरली होती. तिनं विसरावं म्हणूनच त्यानं आठवडाभर जिवाचं रान केलं होतं, तरी त्याला थोडं वाईट वाटलं.

थोड्या वेळानं ती पायऱ्या चढून वर आली, बूट हातात, गुडघ्यावर ताजा लाल ओरखडा.

"आबा, लागले का लई? मला पळताना कायच कळलं न्हाई."

"लागले की."

ती एकदम थांबली. खाली मैदानाकडं बघितलं. तिथं आता दुसऱ्या शर्यतीची तयारी चालली होती आणि हर्डल एकही नव्हता.

"पाया पडायचं ऱ्हायलं," ती म्हणाली. "तुमी म्हनला व्हता पळून झाल्यावर. मी इसरले."

"ऱ्हायलं न्हाई," कुशाबा म्हणाला. "ते झालं. तू तुझ्या बापाला फोन लाव."